बेरिंगखालची तांबूस भुकटी

ताण सहनमर्यादेच्या (ज्या ताणाखाली कितीही वेळा वाकलं तरी भाग तुटू नये, तिच्या) बराच आत होता, तरी शाफ्ट बेरिंगच्या कडेलाच का तुटला, हा प्रश्न वाचून आमच्या जिनिंगचा शाफ्ट आठवला. जळगावकडे कापसाचा हंगाम म्हणजे मशीन दिवसरात्र चालू. तुकडा हातात घेतला तर बेरिंगच्या जागी गेरूसारखी भुकटी. फिटर म्हणाला, "गंज शे भाऊ!"

पावसापाण्याचा गंज नव्हे तो. घट्ट बसवलेली बेरिंगची रिंग आणि वाकणारा शाफ्ट यांच्यात काही मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) सरकासरक होते, बारीक चुरा निघतो आणि हवेत त्याचा ऑक्साइड होतो. हेच फ्रेटिंग. त्याने सहनमर्यादा निम्म्यावर, कधी त्याखालीही येते. हँडबुकातला गुळगुळीत चाचणी-नमुन्याचा आकडा इथे कुचकामी.

गंमत म्हणजे जास्त सरकलं तर कधी आयुष्य वाढतं, कारण कोवळी भेग वाढायच्या आत घासून जाते. वाईट ते अर्धवट सरकणं: मधला भाग चिकटलेला, कडा घसरती. भेग त्या कडेला, तिरपी सुरू होते.

भेग कुठे पडेल याच्या अंदाजासाठी १९८०च्या दशकातला संशोधक रुइझ यांचा निकष सोपा आहे. कडेचा ओढताण (पृष्ठभागाला समांतर खेचणारा ताण), घर्षणताण आणि सरक यांचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा, तिथे भेग. जागा बरी सांगतो, पण आयुष्यासाठी त्यावर विसंबू नका. ताण पृष्ठभागाखाली झपाट्याने उतरतो; नुसता कमाल ताण धरला तर भाग फारच लवकर मोडेल असं गणित सांगतं. थोड्या खोलीपर्यंतची सरासरी घ्या.

कडेचा ताण उतरावा म्हणून आम्ही नव्या शाफ्टला बेरिंगची जागा जरा जाड ठेवली आणि शेजारी मोठी गोलाई दिली.