मदत हवी आहे: वडिलांचं हार्ट फेल्युअर, रिपोर्टमध्ये टी३ कमी, आणि घरात प्रत्येकाचा वेगळा उपाय

नमस्कार. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ६९, तासगाव तालुक्यात असतात. द्राक्षबाग आता भाऊ बघतो. मी सांगलीत, विश्रामबागला. दोन वर्षांपूर्वी अण्णांना अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, पण हृदयाचं पंपिंग काही वर आलं नाही. शेवटच्या इकोत ईएफ (दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ३० टक्के. गोळ्यांचा डबा भरलेला आहे: सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन, लघवीची फ्युरोसेमाइड, रक्त पातळ करायची एक. जूनमध्ये ठोके बिघडले तेव्हापासून अमायोडॅरोन २००, रोज एक.

दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं. त्यानंतर माणूस गळाल्यासारखा झालाय. पायाला सूज नाही, वजन ५८ वर टिकून आहे (वहिनी रोज सकाळी काट्यावर उभं करते), रात्री उशी वाढवावी लागत नाही. तरी बांधापर्यंत गेले की बसतात. "दम लागत न्हाई गं, पण अंगात कायबी राह्यलं न्हाई," एवढंच म्हणतात.

भावाने गावातच 'फुल बॉडी' पॅकेज करून घेतलं. टी३ ५८ (लॅबची मर्यादा ८० ते २००), टी४ १०.८ (५ ते १२), टीएसएच (मेंदूकडून थायरॉइडला कामाचा हुकूम देणारं हार्मोन) ४.२ (०.४ ते ४.५), हिमोग्लोबिन ११.६. रिपोर्ट हातात देणाऱ्या मुलाने सांगितलं, "थायरॉइड निघालाय." झालं! तेवढ्या एका वाक्यावर घरात तीन दवाखाने उघडले.

आत्याला थायरॉइड आहे. तिने स्वतःच्या ५०च्या बाटलीतून गोळ्या काढून दिल्या, "अर्धी अर्धी घे दादा, मला बघ कशी लागू पडली." शिवाय रक्त वाढायला रोज वाटीभर भिजवलेले बेदाणे. पुण्याच्या चुलतभावाने कुरियरने कॅप्सूल पाठवल्या: सेलेनियम १०० मायक्रोग्रॅम, झिंक ५० मिलिग्रॅम, बायोटिन ५००० मायक्रोग्रॅम. त्याचं म्हणणं, हार्ट फेल्युअरच्या माणसांत ही खनिजं कमी असतात आणि त्यामुळेच थायरॉइड बसतो. आणि वहिनीने मीठ बदललं, 'लो सोडियम'चं आणलं.

आत्याच्या गोळ्या मी काढून घेतल्या. बाकीच्या गोष्टींवर मला वाद घालता येत नाही, कारण चुलतभावाचं बोलणं अगदीच हवेतलं वाटत नाही. मिरजेच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारी आहे. बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, आम्हाला पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांत नेमकं काय विचारू?

येरळाकाठ:
आधी स्वयंपाकघरात जा आणि ते मीठ उचलून ठेवा. लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन या दोन्हीने रक्तातलं पोटॅशियम आधीच वर जातं. आमच्या आईचं ६.३ झालं होतं, दोन दिवस आयसीयू. कारण शोधताना शेवटी मिठाची पिशवी सापडली. बेदाण्यातही पोटॅशियम भरपूर, वाटीभर नकोच. (तासगावात बसून बेदाणे नको म्हणणं म्हणजे पाप, पण काय करणार.)
सैंधवावरही जाऊ नका. सोडियम तेवढंच, आणि बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. साधंच आयोडीनयुक्त मीठ, पण कमी. भडंग, पापड, लोणचं बंद केलं की निम्मं काम होतं.

मिरजेचा एक फिजिशियन:
अण्णांना मी तपासलेलं नाही, तेव्हा हे फक्त समजून घेण्यापुरतं.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी४ सोडते. खरं काम करतं टी३, आणि ते बहुतेक बाहेर तयार होतं, यकृतात, मूत्रपिंडात, टी४ मधला आयोडीनचा एक अणू काढून. हार्ट फेल्युअरसारख्या लांबलेल्या आजारात शरीर हे काम आखडतं घेतं. बागेत पाणी कमी पडलं की तुम्ही ड्रिपचा कॉक अर्धा फिरवता ना, तसंच. मग टी३ कमी, टीएसएच बहुधा नॉर्मल. ग्रंथी ठणठणीत असते. असा टी३ असलेल्या रुग्णांचा आजार जास्त गंभीर असतो हे खरं, पण म्हणून टी३ किंवा टी४ देऊन माणूस सुधारतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट ईएफ ३० आणि ठोके बिघडलेल्या हृदयाला थायरॉइडची गोळी म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी. गोळ्या काढून घेतल्यात, उत्तम केलंत.

अण्णांच्या बाबतीत दुसरं कारण समोरच आहे. अमायोडॅरोन हेच रूपांतर अडवतं. टी३ खाली, टी४ वरच्या टोकाला, हा आकडा त्या गोळीची सही असल्यासारखा आहे. शिवाय २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. त्यातलं रोज ६-७ मिलिग्रॅम सुटं होतं आणि माणसाची गरज आहे ०.१५. त्यामुळे थायरॉइड पुढे कोणत्याही बाजूला बिघडू शकतो. गोळी सुरू करण्याआधीचा टीएसएच शोधा, आणि दर सहा महिन्यांनी टीएसएच व यकृताची तपासणी ठरवून घ्या. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. तिचा असर शरीरात महिनोन्महिने राहतो आणि ठोके परत बिघडले तर ते जास्त महागात पडेल.

चुलतभाऊ अर्धा बरोबर आहे. टी४ चं टी३ करणारी विकरं सेलेनियमवरच चालतात. चीनमध्ये केशान नावाच्या भागात जमिनीतच सेलेनियम कमी, तिथे त्यापायी हृदयाचे स्नायू निकामी व्हायचे. आजाराला नावही त्या गावाचंच पडलं. पण अण्णांचं सेलेनियम कमी आहे हे कुणी मोजलंय? जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात. झिंक लघवीच्या गोळ्यांमुळे थोडं वाहून जातं, हेही खरं. पण रोज ५० मिलिग्रॅम महिनोन्महिने घेतलं तर तांब्याचं शोषण अडतं, आणि तांबं कमी पडलं की रक्त उतरतं. म्हणजे फायद्याऐवजी उलटंच.

या यादीत एक खनिज कुणीच घेतलं नाही, आणि हार्ट फेल्युअरमध्ये तेच सगळ्यात महत्त्वाचं: लोह. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून प्रत्यक्ष किती लोह वाहून नेलं जातंय ते) करून घ्या. फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ मध्ये असून सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, तर या रुग्णांत लोह कमी धरतात. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. लोहाच्या गोळ्यांनी इथे फारसं साधत नाही. २०१७ च्या अमेरिकेतल्या चाचणीत १६ आठवडे गोळ्या देऊनही चालण्या-दमण्यात फरक पडला नाही. शिरेतून दिलेल्या लोहाने मात्र पडतो. पाच मिनिटांत हाच प्रश्न आधी विचारा.

येरळाकाठ:
बायोटिनचं राहिलं. आमच्या लॅबवाल्यानेच सांगितलं होतं, मोठ्या डोसमध्ये ते थायरॉइडच्या तपासणीलाच फसवतं. टीएसएच खोटाच कमी, टी३-टी४ खोटेच जास्त. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद पाहिजे. अण्णांनी कॅप्सूल सुरू केल्या नव्हत्या ना?

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. कालच जाऊन आलो, म्हणून उशीर.

येरळाकाठ, तुमच्या प्रश्नाने घरात भूकंप झाला. अण्णा म्हणाले नाही. वहिनीने उशीखालून बाटली काढली, तेरा कॅप्सूल कमी. "पोरानं एवढ्या लांबनं धाडल्यात, वाया कशाला घालवायच्या," हे वर. म्हणजे मिरजेत परत रक्त दिलं तेव्हा त्या पोटात होत्याच. डॉक्टर म्हणाले, तर मग या नव्या रक्तातले थायरॉइडचे आकडे धरूच नका, कॅप्सूल बंद, दोन आठवड्यांनी परत करू. जूनमधला टीएसएच फाइलमध्ये सापडला, २.४ होता. अमायोडॅरोन तूर्त चालू.

पोटॅशियम ५.४ आलं. मीठ त्याच संध्याकाळी गेलं, बेदाणे आत्याला परत.

फेरिटिन ६२, सॅच्युरेशन १४ टक्के. डॉक्टरांनी आकडा बघितला आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून बोलले. लोह शिरेतून देणार आहेत, पुढच्या आठवड्यात पहिला डोस. लोह कुठून कमी झालं हेही बघायचंय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून शौचाची तपासणी सांगितलीय.

आता एकच विचारायचं आहे. असं शिरेतून लोह कुणाच्या घरी दिलंय का, आणि फरक जाणवायला किती दिवस लागले? अण्णांनी डोस घेण्याआधीच भावाला विचारून ठेवलंय की छाटणीला त्यांनी कधी यायचं.