खो मिळायच्या आधी उठली म्हणून लेकीवर खापर. तिला संघातून काढू का?

माणगंगा_काठ
नमस्कार मंडळी. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकते. आमचं गाव आटपाडी भागातलं, शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. पटावर मुली मोजक्याच, म्हणून तिसरी-चौथीच्या मिळून खो-खोचा संघ केला होता आणि यंदा केंद्रस्तरीय स्पर्धेत तो थेट अंतिम सामन्यात गेला. गावाला केवढं कौतुक! सरपंचांनी टेम्पो दिला, बायकांनी भाकरी-पिठलं बांधून दिलं.

शेवटच्या डावात आमच्या मुली पाठलागावर होत्या. बरोबरीला एक गडी हवा होता. लेक खांबापासून दुसऱ्या पाटीवर बसलेली. समोरची धावक तिच्या अगदी पुढ्यातून गेली आणि ही खो मिळायच्या आधीच उठली, झेपावली, हातही लावला. आमच्या पोरी नाचायला लागल्या तोवर पंचांची शिट्टी झाली. फाऊल. गडी बाद धरला नाही, उलट दिशा दाखवली, आणि तेवढ्यात वेळ संपली. एका गुणानं गेला सामना. पंचांचं बरोबरच होतं, मी रेषेजवळच उभी होते.

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो आले, अभिनंदनं झाली. त्याखाली एका पालकानं लिहिलं, ‘एका पोरीनं घाई केली नसती तर ढाल आपलीच होती.’ नाव घेतलं नाही, पण एवढ्याशा गावात कुणाला कळायचं राहतंय? दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी तेच तिला ऐकवलं. तेव्हापासून सरावाची वेळ झाली की तिचं पोट दुखतं. हे म्हणतात, पुढच्या वर्षी नवोदयची परीक्षा आहे, खेळ बंद करून टाकू. मला तसं वाटत नाही, पण तिला रोज तिथं ढकलायलाही जीव होत नाही. सर चांगले आहेत, शाळा सुटल्यावर स्वतः थांबून सराव घेतात. त्यांच्याशी बोलायचं तर नेमकं काय बोलू?

फळा_खडू
ताई, मी प्राथमिक शिक्षक आहे, माण तालुक्यात. खो-खोचे संघ बरीच वर्षं तयार करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गटाचं. ते वाक्य तसंच पडून राहता कामा नये. त्या पालकाशी तुम्ही भांडू नका, मुख्याध्यापकांना भेटा आणि ते काढायला सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत अर्ध्याहून जास्त पालकच असतात. पुढच्या बैठकीत एवढंच ठरवून घ्या, की गटावर मुलांच्या खेळाची बातमी येईल, मुलांच्या खेळाचा निवाडा येणार नाही. आमच्याकडे हे ठरलं तेव्हा दोघं-तिघं नाराज झाले. पुढे तेच इतरांना आवरायला लागले.

आता मुलीचं. तिला ‘विसरून जा’ म्हणू नका. विसरत नाहीत मुलं. तिला म्हणा, मला फाऊल समजावून सांग. अंगणात खडूनं पाट्या आखा, तुम्ही बसा, तिला खो द्यायला लावा. खो पाठीमागून, हातानं स्पर्श करून आणि तोंडानं ‘खो’ म्हणून, हे ती तुम्हाला शिकवेल. शिकवता शिकवता तिचं तिलाच दिसेल, की तिची चूक आळसाची नव्हती. धावक पुढ्यात आल्यावर जी पोर उठायला बघत नाही, तिला मी संघात घेत नाही. तुमची उठली, कारण ती खेळात होती. आता कान आणि पाठ तयार करायची. आम्ही डोळ्यांवर रुमाल बांधून बसवतो. कधी नुसता स्पर्श करायचा, कधी नुसतं ‘खो’ ओरडायचं, आणि दोन्ही मिळाल्याशिवाय उठायचं नाही. पोरींना हा सराव फार आवडतो, हसून हसून लोळतात.

खो-खोत मुलं शिकतात ते इथंच. आठ जण बसलेले असतात, पळतो एक. जो पळतो त्याला धावक हाताशी आलेली दिसत असते, तरी दिशा बदलता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही, म्हणून तो आपला पाठलाग दुसऱ्याच्या हवाली करून त्याच्या जागेवर बसतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे किती जड जातं! ज्यांना वर्गात पेन्सिल द्यायला नको वाटतं, ती मुलं इथं गडी सोडून देतात. भाषणानं हे होत नाही, नियमानं होतं, रोज मातीत होतं.

म्हणून आमच्या शाळेत सामन्याची बातमी मुलंच फळ्यावर लिहितात. त्यात गडी कुणी बाद केला एवढंच लिहून चालत नाही, त्याआधीचा खो कुणी दिला तेही लिहायचं. राखीव तिघींची नावंही त्याच आकारात. पहिल्यांदा बातमी चार ओळींची असायची, आता फळा पुरत नाही. हे तुमच्या सरांना सुचवून बघा. ऐकतील असं वाटतंय.

आणि नवोदयचं म्हणाल तर संध्याकाळी तासभर पळालेली मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा चुळबुळ करत नाही, हे मी पाहत आलोय. यजमानांना सांगा.

धाराशिवची_धावक
मी शालेय खो-खो राज्य स्पर्धेपर्यंत खेळले, आता नोकरी करते. तुमचं वाचून राहवलं नाही.

मुलीला काढू नका हो. मुलींचा खेळ सुटतो तो सातवी-आठवीत, घरच्यांच्या म्हणण्यानं. तोवर तिला मैदान आपलं वाटलेलं असलं तर ती घरी भांडते. चौथीतच सुटलं तर भांडायलाही काही उरत नाही.

आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळेला 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिती बेताची, एकवेळच्या जेवणावर दिवस काढले, हे तिनं स्वतः सांगितलंय. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघं महाराष्ट्राचे. दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवलं, मुलींनी तर 78-40 असं. तो सामना मिळाला तर लेकीला दाखवा. पळणाऱ्यांकडे बघू नको, बसलेल्यांकडे बघ म्हणावं. पाठ, टाच, मान कशी असते बघ. उठण्याच्या तयारीत असलेली पण न उठलेली खेळाडू कशी दिसते ते तिला तिथं कळेल.

एक विनंती. नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, पोलीस भरती, हे तिच्यासमोर आत्ता काढू नका. मला लहानपणी सगळे तेच सांगायचे. खेळायचा आनंद त्याच्याआड जातो.

दोन_मुलांचा_बाबा
वरच्या दोघांचा मान ठेवून वेगळं मत मांडतो. चूक मुलीची नाही, त्या पालकाचीही अर्धीच आहे. चौथीच्या मुलांना अंतिम सामना, ढाल, टेम्पो भरून गाव, हे सगळं कशाला? या वयात लंगडी, विषामृत, डोंगर का पाणी खेळू द्या. सगळ्यांना खेळायला मिळतं. स्पर्धेत नऊ खेळतात, बाकीची शाळा टाळ्या वाजवते. जी मुलं जाड आहेत, पायानं अधू आहेत, त्यांना खेळातून काय शिकायला मिळतं? माझा मोठा मुलगा पाच वर्षं फक्त टाळ्या वाजवत होता. तो आता मैदानाकडे फिरकतसुद्धा नाही.

फळा_खडू
दादा, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा मुद्दा खराच आहे. प्राथमिक शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला 5000 रुपये क्रीडा अनुदान धरलेलं आहे. ते नऊ जणांसाठी नाही, पटावरच्या प्रत्येक मुलासाठी आहे. खेळाच्या तासाला मी सगळ्यांना मैदानात उतरवतो. पायानं अधू असलेला एक मुलगा आमच्याकडे पंच होता. फाऊल त्याच्याइतकं कुणाला दिसायचं नाही आणि त्याच्या शिट्टीवर कुणी वाद घालायचं नाही.

पण स्पर्धा बंद करा, याला माझी संमती नाही. वाडीवरची पोरं केंद्राच्या गावी जातात, अनोळखी मुलांशी खेळतात, हरून सामन्यानंतर त्यांच्याच शेजारी बसून खिचडी खातात. हे गावात बसून मिळत नाही. टेम्पोबरोबर येणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र समज द्यायला हवी. आम्ही सामन्याआधी पालकांना सांगतो, ओरडायचं तर दोन्ही संघांसाठी ओरडा.

माणगंगा_काठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

सरांना भेटले. त्यांनी मुख्याध्यापकांसमोर त्या पालकाला बोलावलं आणि संदेश काढून टाकला गेला. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी घरी आले. लेकीला म्हणाले, ‘माझी पोर तुझ्याशेजारच्याच पाटीवर बसते, तिला तू पाहिजेस.’ ती काही बोलली नाही, आत गेली. पण संध्याकाळी त्यांच्या पोरीबरोबर मैदानावर गेली.

अंगणातला सराव रोज चाललाय. यजमानांना रुमाल बांधून बसवलं होतं, ते तीनदा आधीच उठले आणि प्रत्येक वेळी तिनं शिट्टी वाजवली. नवोदयचा विषय त्यांनी नंतर काढला नाही. फळ्यावरच्या बातमीचं सरांनी लगेच उचललं. पहिली बातमी तिसरीच्या मुलीनं लिहिली, शुद्धलेखनाच्या चुकांसकट सरांनी तशीच ठेवली.

बाबा, तुमचं म्हणणंही सरांना सांगितलं. शनिवारी आता सगळ्या शाळेची लंगडी असते, पहिलीपासून.

आता नवीन अडचण. मैदानावर खांबच नाहीत, पोरी दोन्ही टोकांना एकेक मुलगी उभी करून सराव करतात. आमच्या चुलत सासऱ्यांनी बांधावरचं निलगिरीचं लाकूड द्यायचं कबूल केलंय. खांब कसा पुरायचा, उंची किती?

फळा_खडू
जमिनीच्या वर 120 ते 125 सेंटिमीटर. जाडी वरपासून खालपर्यंत सारखी, व्यास नऊ-दहा सेंटिमीटर. सुताराकडून नीट रंधून, घासून घ्या. पोरी धावताना खांबाला हात घालून वळतात, कूस लागली तर तळवा फाटतो. वरचं टोक गोल करा, पत्रा किंवा खिळा कुठंही नको. पुरायचा भाग निदान दोन फूट ठेवा, खाली दगडगोटे आणि मुरूम ठोकून भरा. दोन खांबांत किती अंतर ठेवायचं ते मुलींचं वय बघून सर ठरवतील. मोठ्यांचं मैदान 27 मीटर लांब असतं, तेवढं चौथीला नको.

लाकूड ओलं असेल तर आधी सावलीत वाळू द्या, नाहीतर पुरल्यावर चिरतं.