बँकेचा वकील बँकेचाच असतो

"बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद चोख, वेगळ्या वकिलाला पैसे कशाला" हा फ्लॅट घेताना ऐकू येणारा मुद्दा मला पटत नाही. बँकेचा वकील बँकेचं कर्ज बुडणार नाही ना, एवढंच बघतो. त्याची फी बहुतेकदा आपल्याच खिशातून जाते, ही गंमत वेगळी.

आम्ही मुलुंडला रिसेलचा फ्लॅट घेत होतो. कर्ज मंजूर, एजंट तर टोकन, म्हणजे बयाणा, द्या म्हणून रोज फोन करत होता. बायकोच्या आग्रहाखातर ओळखीच्या वकीलबाईंना फाइल दाखवली. त्यांनी शेअर सर्टिफिकेटची, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्याची, झेरॉक्स उलटी केली, मागच्या ट्रान्स्फरच्या नोंदीवर पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, "हे नाव नॉमिनी म्हणून लागलंय की वारस म्हणून?" विकणाऱ्याचे वडील गेल्यावर सोसायटीने नॉमिनेशन बघून त्याचं नाव चढवलं होतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि विकणाऱ्याला एक बहीण होती, नाशिकला दिलेली, म्हणजे तीही वारस! तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र येईपर्यंत बाईंनी टोकन देऊ दिलं नाही. दोन महिने गेले, एजंट रुसला.

अजून एक. जुना फ्लॅट असेल तर पहिल्या करारापासूनची सगळ्या करारांची साखळी मागा. 10 डिसेंबर 1985 नंतरच्या एखाद्या करारावर स्टॅम्प ड्युटी कमी भरलेली निघाली, तर ती दंडासकट कोण भरणार हे टोकनच्या आधीच लिहून घ्या. आमच्या व्यवहारात ती विकणाऱ्याने भरली, कुरकुरत का होईना.