दुसऱ्याच्या गोष्टीतल्या बाईला बोलतं करणं, हे लेखन नाही?

करवीरकन्या

मी फॅनफिक लिहिते. वाचलेल्या गोष्टीतली पात्रं घेऊन त्यांची मागची, पुढची किंवा सांगायची राहून गेलेली गोष्ट लिहिते. पैसे घेत नाही, मूळ लेखकाचं नाव सगळ्यात वर देते. परवा एका वाचनकट्ट्यावर मला तोंडावर सांगण्यात आलं, "स्वतःची पात्रं सुचत नाहीत म्हणून दुसऱ्यांची घ्यायची आणि वर त्याला स्त्रीवाद म्हणायचं." तिथं उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, म्हणून इथं लिहिते.

सध्या मी 'ययाति'मधल्या अलकेवर लिहितेय. वाचून बरीच वर्षं झाली असतील त्यांच्यासाठी सांगते. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ची. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा त्यात आळीपाळीने आपापली बाजू मांडतात. त्या काळात दोन बायकांना स्वतःच्या तोंडून बोलू दिलं, हे मला फार मोठं वाटतं. पण राजवाड्यातल्या दासींच्या वाट्याला तिथंही प्रकरण येत नाही. दासीची मुलगी अलका राजपुत्र ययातीला आवडते आणि तिला विष देऊन संपवलं जातं. त्यानंतर ती उरते ती ययातीच्या आठवणीत, सोनेरी केसांपुरती. दुसरी दासी मुकुलिकाही आपल्याला दिसते ती त्याच्याच नजरेनं.

माझी अलका विषाच्या आधीच्या दिवसांतली आहे. तिची आई, तिची कामं, रात्री दिवे कोण मालवतं, कुणाच्या पायरवानं झोप मोडते. मूळ कादंबरीत ययातीची तिच्याशी जवळीक ओढीची, कोवळी म्हणून येते, कारण सांगणारा तोच आहे. दासीच्या मुलीला नाही म्हणायची सोय होती का, हे त्याला कसं कळणार? मला तेवढंच लिहायचं आहे.

आणि उसन्या पात्रांचंच म्हणाल, तर आपल्या जिल्ह्याकडे बघा. खांडेकर कोल्हापुरात बसून महाभारतातल्या एका उपाख्यानावर कादंबरी लिहितात. आजऱ्याचे शिवाजी सावंत १९६७ साली कर्णावर 'मृत्युंजय' लिहितात. कोवाडचे रणजित देसाई पुन्हा त्याच कर्णावर 'राधेय' लिहितात. व्यासांची पात्रं घेतली म्हणून त्यांना कुणी आयतोबा म्हटलं नाही, म्हणूही नये. 'मृत्युंजय'मध्ये कुंती स्वतः बोलते, वृषाली बोलते. द्रौपदीला प्रकरण नाही. तिच्यासाठी एखादी बाई लिहायला बसली, की लगेच उसनवारी कशी होते?

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. लिहिणं होतं ते जेवणं उरकून, ओटा आवरून झाल्यावर, फोनवर. वाचणाऱ्या बहुतेक बायकाच. नर्सिंगच्या मुली, शिकवण्या घेणाऱ्या, मूल झोपल्यावर वाचणाऱ्या. प्रकरण टाकलं की रात्रीतच कुणीतरी विचारतं, "अलकेच्या आईनं काहीच का नाही केलं?" मग पुढचं प्रकरण त्या प्रश्नाला धरून येतं. लिहिता लिहिताच वाचक शेजारी येऊन बसतो, हे सुख मला छापील पुस्तकानं दिलं नसतं.

तुमचं मत सांगा. विरोधी असलं तरी चालेल, पण आधी वाचून या.

शाहूपुरीचा वाचक

ताई, वाचून आलोय. तुमची नजर चांगली आहे म्हणूनच स्पष्ट लिहितो.

सावंत-देसाईंचा दाखला इथं लागू पडत नाही. 'मृत्युंजय' हातात घ्यायला महाभारत वाचलेलं असावं लागत नाही. त्या माणसानं कर्ण पायापासून बांधलाय. तुमची अलका ज्यानं 'ययाति' वाचली नाही त्याला कळतच नाही. राजपुत्र कोण, भीती कशाची, सगळं तुम्ही वाचकाला ठाऊक आहे असं धरून चालता. भिंती खांडेकरांच्या आणि तुम्ही फक्त खिडकी पाडताय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पहिल्या प्रकरणात अलकेचे हात सोलवटलेले आहेत आणि ती ते राजपुत्रापासून लपवते. ते पान कुठल्याही मासिकात शोभलं असतं. पण तिसऱ्या प्रकरणात ती आईला म्हणते, "माझ्या शरीरावर माझा हक्क आहे." हे आजच्या पथनाट्यातलं वाक्य आहे. हस्तिनापूरच्या दासीला ते सुचायचं कसं? तिथं अलका संपते आणि तुम्ही सुरू होता. खांडेकरांची शर्मिष्ठा राजकन्या असून देवयानीची दासी होते, घोषणा एकही देत नाही, तरी तिचं दुःख आपल्याला पुरून उरतं. मत आधी आणि माणूस नंतर, असं लिहिलं की मत कितीही योग्य असो, माणूस मरतो.

पाचगावची

काका, तुमचं मासिकाचं बोलणं बाजूला ठिवा जरा.

माझी आज्जी कागलकडची. जात्यावर बसली की सीतेच्या ओव्या म्हणायची. त्यात रामाचं राज्य, लंका, युद्ध ह्यातलं कायबी नसायचं. सीता रानात टाकलेली हाय, एकटी रडतीया, आणि बोरी-बाभळी बायका हून तिची समजूत काढाय येतात. वाल्मिकीनं लिवलंय व्हय हे? बायकांनी लिवलंय, पीठ पाडता पाडता. सीता त्यांची, वनवासबी त्यांचाच. आन् रामायण म्हाईत नसलेल्या माणसाला ती ओवी कळंल का, असं आजवर कुणी इचारलं न्हाई.

हेमा राईरकर आणि गी पॉयट्वां यांनी महाराष्ट्रातली खेडी फिरून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात. मोठमोठी माणसं त्याचा अभ्यास करत्यात. तेच काम करवीरकन्याताई फोनवर करतीया, तर ते हलकं कसं काय?

कायद्याचं बोलू

मी वकिली करते. साहित्यिक वाद तुमचा चालू द्या, पण एक बाब कुणी मांडलेली नाही.

प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. खांडेकर १९७६ साली गेले. म्हणजे 'ययाति'वर २०३६ संपेपर्यंत हक्क आहे. रूपांतर करण्याचा हक्क कलम १४ खाली येतो. शिवाय कलम ५७ आहे. लेखनाचा विपर्यास होऊन लेखकाच्या लौकिकाला बाध येत असेल, तर वारसांनाही दाद मागता येते. टीका, समीक्षा, खासगी वापर यांना कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. "पैसे घेत नाही" किंवा "वर नाव दिलंय" एवढ्यानं मात्र ती आपोआप मिळत नाही.

व्यासांचा दाखला इथंच लंगडा पडतो. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, कच हे महाभारतातले, त्यांच्यावर कुणीही लिहावं. अलका आणि मुकुलिका महाभारतात नाहीत, त्या खांडेकरांनी घडवल्या. ताईंनी नेमकी तीच दोन पात्रं उचलली आहेत. सावंतांनी कर्ण घेतला तेव्हा कुणाच्या घरचा घेतला नव्हता.

करवीरकन्या

वकीलताई, हा फरक तुम्ही नेमका दाखवलात. त्याचं उत्तर नीट देते.

खांडेकरांचं एकही वाक्य मी घेतलेलं नाही. त्यांनी लिहिलेला प्रसंग पुन्हा लिहीत नाही, ते जिथं लिहीत नाहीत तिथंच लिहिते. माझ्या मते ही टीकाच आहे, फक्त ती लेखाच्या रूपात नसून गोष्टीच्या रूपात आहे. कोर्टात हे टिकेल असा माझा दावा नाही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी काढा म्हटलं, तर त्याच दिवशी काढेन. पण कुणी काही म्हणण्याआधीच मी गप्प बसावं, हे मला पटत नाही. अलका खांडेकरांनी घडवली हे खरंच. म्हणून तर तिला का मरावं लागलं, हे मी व्यासांना विचारू शकत नाही, त्यांनाच विचारावं लागतं. विद्यापीठातल्या त्यांच्या स्मृती संग्रहालयात मी जाते तेव्हा त्यांच्याबद्दल राग घेऊन जात नाही. ज्यांच्यावर जीव आहे त्यांनाच माणूस असे प्रश्न विचारतो.

शाहूपुरीचे काका, ते वाक्य मी तसंच ठेवणार आहे. ययातीच्या रूपानं आजचा सुखामागं धावणारा माणूस रंगवायचा होता, हे खुद्द खांडेकरांनी सांगितलंय. त्यांचा ययाति मनातली घालमेल मांडतो, ती विसाव्या शतकातल्या शिकलेल्या पुरुषाची. ते आपण कादंबरीचं मोठेपण मानतो. राजा आजचा असू शकतो, तर दासी त्याच काळात अडकून का राहावी?

शाहूपुरीचा वाचक

ययाति आजचा आहे, पण त्याच्या तोंडी आजची घोषणा नाही. भावना आजची असू द्या, वाक्य तिचं स्वतःचं असू द्या. एवढंच माझं म्हणणं, आणि ते मी मागं घेत नाही.

बिंदू चौक

मी बायकांच्या संघटनेत काम करते आणि माझा विरोध काकांच्या बाजूनं नाही.

पहिलं म्हणजे फॅनफिक बायका लिहितात म्हणून ते स्त्रीवादी ठरत नाही. मराठी कथांच्या अ‍ॅपवर जाऊन बघा. मालिकांच्या जोड्यांवर काय लिहिलं जातं? नायक श्रीमंत आणि रागीट, नायिकेला उचलून नेतो, दटावून लग्न लावतो, हात उगारतो आणि शेवटी त्याचं प्रेम खरं निघतं. लिहिणारी बाई, वाचणाऱ्या बायका, खाली बदाम. आमच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या मुलींना ह्याच गोष्टींनी शिकवलेलं असतं की मारतो म्हणजे जीव लावतो. त्यात एक अलका चांगली निघाली म्हणून सगळ्या प्रकाराची तरफदारी करू नका.

दुसरं जास्त टोचतं. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं, उर्मिला पवार यांनी 'आयदान' लिहिलं. कुणाच्या कादंबरीतल्या रिकाम्या जागेत त्या शिरल्या नाहीत. स्वतःचं, आपल्या माणसांचं जगणं सरळ लिहिलं. करवीरकन्या, तुम्ही फौंड्रीत आहात. तिथल्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी वाळूचे गाभे करतात तिथं, बायका कामाला आहेत. त्या सोडून तुम्हाला हस्तिनापूरची दासी का लागते? राजवाड्याबाहेर पडलं की बाईची गोष्ट संपते का?

हॉस्टेल, सागरमाळ

ताईंच्या पहिल्या मुद्द्याबद्दल. मी इंग्रजी फॅनफिक वाचत मोठी झाले, मराठीत दोन वर्षं लिहितेय. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाचं संकेतस्थळ आहे. २००७ साली एक कंपनी चाहत्यांच्या लेखनावर पैसा करायला निघाली होती, तेव्हा ह्या लेखिकांनी स्वतःची ना-नफा संस्था काढली आणि २००९ पासून त्यांचं संग्रहालय खुलं झालं. २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथं गोष्टीच्या वरच लिहिलेलं असतं, यात बलात्कार आहे, मारहाण आहे, आत्महत्या आहे. नको असेल तिनं उघडू नये. ही शिस्त मराठी अ‍ॅपवर आणा, हे मला पटतं. पण तुम्ही सगळ्या प्रकारालाच नको म्हणताय.

आणि "स्वतःची पात्रं सुचत नाहीत" हेही खरं नाही. नाओमी नोविक ह्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या स्वतंत्र कादंबऱ्या जगभर वाचल्या जातात आणि फॅनफिक त्यांनी सोडलं नाही. माझंच सांगते. माझी बीटा, म्हणजे टाकण्याआधी कच्चं वाचून देणारी मैत्रीण, गडहिंग्लजची आहे. संवाद कुठं लांबला, पात्र कुठं मूळ स्वभाव सोडून वागलं, हे तिनं मला शिकवलं. वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

बिंदू चौक

शिस्तीचं मान्य. पण वर इशारा लिहिला म्हणून आतली मारहाण प्रेम ठरत नाही. आणि कोअर शॉपचं उत्तर अजून आलेलं नाही.

करवीरकन्या

देते.

मारकुट्या नायकांच्या गोष्टींची तरफदारी मी केलेली नाही, करणारही नाही. त्या गोष्टींखाली मी जाऊन लिहिते, वादही घालते. त्यांना उत्तर त्याच जागी जाऊन, त्याच वाचकिणींसमोर दिलं पाहिजे, म्हणून मी तिथं आहे. संघटनेच्या बैठकीला त्या मुली येत नाहीत. रात्री गोष्ट वाचायला येतात.

कोअर शॉपबद्दल. बेबीताईंची, उर्मिलाताईंची बरोबरी मी करत नाही. त्यांनी स्वतःच्या नावानं, स्वतःचं लिहिलं आणि त्याची किंमत स्वतः मोजली. मी त्या बायकांवर लिहिलं तर किंमत मी नाही, त्या मोजतील. कोण कुणाच्या मशीनवर उभी असते, कुणाला कुणी थांबवून ठेवलं, हे एका छोट्या शॉपमध्ये नाव न देताही सगळ्यांना कळतं. मी ऑफिसात पंख्याखाली बसते. त्यांचा रोजगार जाईल आणि मी लेखिका होईन. हे मी करणार नाही.

काकांना अलकेच्या हातांचं पान आवडलं. ते हात कोअर शॉपमधले आहेत. कोअर घासून घासून वाळूनं सोलवटलेले. जेवणाच्या सुट्टीत एकीनं ते पदराखाली घेतलेले मी पाहिले आणि हस्तिनापुरात नेले, कारण तिथं त्यांना कुणी ओळखणार नव्हतं. उसन्या पात्राचा मला झालेला उपयोग हाच.

बिंदू चौक

हे कारण मला पटतं. तरी समाधान झालेलं नाही. आडून लिहिलेलं ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत पोचतं का? त्या बायका वाचतात का तुमची अलका?

करवीरकन्या

वाचतात, सगळ्या नाही. एकीला वाचता येत नाही, तिला दुसरी डब्याच्या वेळी वाचून दाखवते. तिसरं प्रकरण झाल्यावर तिनं विचारलं, "ह्या अलकीला पगार काय हुता?" माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, 'ययाति' इतक्यांदा वाचून कधी आलं नव्हतं. पाचवं प्रकरण त्यावर चाललंय. अलका आईला विचारते की राजवाड्यात आपल्याला धान्य किती मिळतं आणि ते कोण मोजतं. काका, ह्यात घोषणा एकही नाही. रविवारी टाकते, वाचून सांगा.