एका वायरीमुळे ३५ माणसं जाऊ शकतात का?

वाटसरू_लंडन:
लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला आले आहे. काल फिरताना स्पेन्सर पार्कजवळ क्लॅपहॅमच्या रेल्वे अपघाताचं स्मारक पाहिलं. १२ डिसेंबर १९८८, सोमवार सकाळ, कामाला निघालेली माणसं. जावई म्हणाले, सिग्नलची एक वायर सुटी राहिली होती. एवढ्यानं होतं? रेल्वेतलं कुणी आहे का इथे?

रिलेरूम:
होतं, ताई. मी सिग्नल मेंटेनर म्हणून रिटायर झालो.
रुळावर गाडी उभी असली की रिलेचा, म्हणजे सिग्नल बदलणाऱ्या विजेच्या स्विचचा, करंट तुटतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. तिथे जुनं वायरिंग बदलत होते. नवी वायर जोडली, पण जुनी कापली नाही, नुसती वाकवून बाजूला सारली. टेपसुद्धा जुनीच गुंडाळली. तांब्याची वायर वाकवली तरी मूळ जागी यायला बघते, हे हातानं काम केलेल्याला कळतं. आदल्या दिवशी, रविवारी, शेजारी काम करताना तिला धक्का लागला आणि ती जुन्या टर्मिनलला, म्हणजे वायर जोडायच्या जागेला, टेकली. रिलेला करंट मिळाला. पुढे गाडी असूनही सिग्नल लाल होईना.
बेसिंगस्टोकहून आलेल्या ड्रायव्हरला सिग्नलची गडबड दिसली, म्हणून तो पुढच्या सिग्नलला थांबून फोन करत होता. नियमाप्रमाणेच. मागून पूल गावची गाडी आदळली. त्या ढिगाऱ्यावर समोरून येणारी रिकामी गाडी. मदतीला आधी धावली ती शेजारच्या शाळेतली मुलं आणि शिक्षक.

वाटसरू_लंडन:
वाचून पोटात गोळा आला. वायर जोडणाऱ्या त्या माणसाला शिक्षा झाली असेल ना?

रिलेरूम:
त्याला १३ आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. त्याची पद्धत चुकीची आहे हे वर्षानुवर्षं कुणी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या माणसानं वायरी मोजून बघायच्या त्याही मोजल्या गेल्या नाहीत. अपघाताची सरकारी चौकशी हिडन यांनी केली, तीत हे सगळं आलं. १९९१ मध्ये दंड ब्रिटिश रेलला झाला, अडीच लाख पौंड. पुढे सिग्नलवाल्यांच्या कामाच्या तासांना मर्यादा आली.

कर्जत_लोकल:
काका, २०२३ मध्ये ओडिशात बहानगा बाजारला रेल्वे अपघात झाला, तिथेही सर्किट बदलतानाच चूक झाली होती ना?

रिलेरूम:
हो. ते वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. सलग तिसऱ्या नाईटला माझ्याही हातून एक टर्मिनल चुकलं होतं. बरोबरच्या पोरानं मोजताना पकडलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी जुनी वायर कापून तुकडा खिशात टाकायचो आणि घरी जाण्याआधी तुकडे मोजायचो.