आर्गपार्स: ऋण अक्षांश दिला की ऑप्शनला मूल्यच मिळाले नाही असा एरर का येतो?

नकाशावेडा
नमस्कार. नकाशाचा हवा तो भाग चित्र म्हणून साठवणारी एक छोटी स्क्रिप्ट मी पायथन ३.१० मध्ये लिहिली आहे. कमांडसोबत दिलेले ऑप्शन वाचायला पायथनचे आर्गपार्स हे मॉड्यूल वापरले आहे. ‘--सेंटर’ या ऑप्शनला अक्षांश आणि रेखांश मध्ये स्वल्पविराम घालून एकत्र द्यायचे असतात. पुण्यासाठी ‘--सेंटर १८.५२,७३.८६’ दिले की काम होते. सिडनीसाठी ‘--सेंटर -३३.८७,१५१.२१’ दिले की मात्र या ऑप्शनला एक आर्ग्युमेंट अपेक्षित आहे, असे सांगून प्रोग्रॅम थांबतो. मूल्य अवतरणचिन्हांत घालूनही फरक पडत नाही, पण त्याच अवतरणांत स्वल्पविरामानंतर एक स्पेस सोडली तर चालते! ‘--झूम -२’ हेही विनातक्रार चालते. यामागे काही नियम आहे का?

टर्मिनलकर
नियम आहे, फक्त तो अंदाजावर आधारलेला आहे. अवतरणचिन्हे शेलसाठी, म्हणजे टर्मिनलमध्ये आपली कमांड वाचून प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असतात. प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वीच शेल ती काढून टाकतो, त्यामुळे आर्गपार्सला दोन्ही वेळा तीच स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) दिसते. मग आर्गपार्स प्रत्येक स्ट्रिंगकडे सुटेपणाने पाहून ती ऑप्शन आहे की मूल्य, हे आधीच ठरवून टाकतो, आणि मागच्या ऑप्शनला मूल्याची गरज आहे की नाही याचा विचार त्या टप्प्यावर करत नाही. डॅशने सुरू होणारी स्ट्रिंग त्याच्या लेखी सहसा ऑप्शनच असते. याला दोन अपवाद तुम्हाला भेटले आहेत: स्ट्रिंग निव्वळ ऋण संख्येसारखी दिसत असेल आणि तुमच्या पार्सरमध्ये तशा दिसणाऱ्या नावाचा ऑप्शन नसेल, तर ती मूल्य ठरते, तसेच तिच्यात स्पेस असेल, तरीही ती मूल्य ठरते. ‘-२’ पहिल्या अपवादात बसते, स्पेस असलेली जोडी दुसऱ्यात. स्वल्पविरामाची जोडी संख्याही नाही आणि तिच्यात स्पेसही नाही, म्हणून ती अनोळखी ऑप्शन समजली जाते व ‘--सेंटर’ रिकामा राहतो.

उपाय सोपा आहे: ‘--सेंटर=-३३.८७,१५१.२१’ असे बरोबरचे चिन्ह घालून लिहा.

नकाशावेडा
आभारी आहे, चालले. पण दोन डॅश स्वतंत्र लिहिले की पुढचे काहीही ऑप्शन समजले जात नाही, असे वाचले होते. ‘--सेंटर’ आणि मूल्य यांच्यामध्ये ते घातले तरी तोच एरर आला.

टर्मिनलकर
ते दोन डॅश ऑप्शनांची यादी संपल्याचे सांगतात, म्हणून त्यांच्यानंतर येणारी मूल्ये ‘--सेंटर’ला मिळत नाहीत. डॅशने सुरू होणाऱ्या नावाची फाइल सुटे आर्ग्युमेंट म्हणून द्यायची असेल, तेव्हा त्यांचा उपयोग होतो.

जुनीशाळा
सी भाषेतल्या गेटऑप्टमध्ये, म्हणजे ऑप्शन वाचणाऱ्या तिथल्या फंक्शनमध्ये, हा पेच पडत नाही, कारण ऑप्शनला मूल्य लागत असेल तर पुढची स्ट्रिंग डॅशने सुरू होत असली तरी ती मुकाट्याने घेतली जाते. त्याची किंमत वेगळी आहे: ‘-ओ’ला फाइलचे नाव द्यायचे विसरून कोणी पुढे ‘-व्ही’ लिहिले, तर ‘-व्ही’ नावाची फाइल तयार होते आणि एरर येत नाही. मला व्यक्तिशः आर्गपार्सचा आरडाओरडा परवडतो.

तरीही प्रत्येक वापरकर्त्याने बरोबरचे चिन्ह लक्षात ठेवावे, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. मी तुमच्या जागी असतो तर स्वल्पविरामच काढून टाकला असता: ऑप्शनच्या व्याख्येत ‘एनआर्ग्स’ (किती मूल्ये घ्यायची) दोन आणि ‘टाइप’ फ्लोट (दशांश संख्या) ठेवा, म्हणजे ‘--सेंटर -३३.८७ १५१.२१’ सरळ चालेल, जोडी फोडण्याचा तुमचा कोड वाचेल आणि कोणी संख्येऐवजी शहराचे नाव टाकले तर आर्गपार्सच स्पष्ट एरर देऊन २ या एक्झिट कोडने (प्रोग्रॅम संपताना शेलला कळवला जाणारा आकडा) बाहेर पडेल. फक्त पुढे कधी ‘-१’ अशा नावाचा ऑप्शन जोडू नका. तो जोडला की ऋण संख्यांची सवलत संपूर्ण पार्सरसाठी बंद होते, आणि मग ‘--झूम -२’सुद्धा अडेल.

नकाशावेडा
स्वल्पविराम काढला. जुन्या शेल स्क्रिप्टांमध्ये जोडीचेच रूप आहे, तिथे आता दोन सुट्या संख्या घालतो.