मदत हवी आहे: सोलारिस १० वर सीसी दिसतोय तरी कॉन्फिगर म्हणतं कम्पायलरच नाही

नमस्कार मंडळी, सोलारिस १० (सनची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीम) चं एक जुनं स्पार्क मशीन आहे, त्यावरचा डेटा बाहेर काढायला एक टूल लागतंय आणि त्याची तयार बायनरी कुठेच मिळेना, म्हणून सोर्सवरून बिल्ड करायला घेतलंय. टारबॉल सोडवला, कॉन्फिगर (बिल्डच्या आधी मशीनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं, तर सुरुवातीलाच अडकतंय:

चेकिंग फॉर जीसीसी... नो
चेकिंग फॉर सीसी... नो
एरर: नो अ‍ॅक्सेप्टेबल सी कम्पायलर फाउंड इन $पाथ

पण विच सीसी (सीसी म्हणजे सी कम्पायलरची कमांड, विच ती कुठे आहे ते सांगतं) केलं की सरळ /यूएसआर/यूसीबी/सीसी असं उत्तर येतं!! फाइल जागेवर आहे, परमिशन पण आहे. हातानेच हॅलो वर्ल्ड कम्पाइल करायला गेलो तर म्हणतो लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड. मग हा सीसी नक्की आहे तरी काय? नेटवर शोधलं की सगळे अ‍ॅप्ट-गेट करा, बिल्ड-इसेन्शियल टाका एवढंच सांगतात, इथे ते काहीच चालत नाही. रूट पासवर्ड माझ्याकडे नाही, साधं युजर अकाउंट आहे. जाणकारांनी प्लीज मार्गदर्शन करा, ते मशीन लवकरच बंद होणार आहे.

उत्तर:
तो सीसी कम्पायलर नाहीच हो. ती नुसती एक शेल स्क्रिप्ट आहे, खरा कम्पायलर वेगळा इन्स्टॉल केलेला असेल तर त्याच्याकडे काम पाठवते, नसेल तर तुम्हाला आला तोच मेसेज देते. आणि ऑटोकॉन्फला (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं टूल) हे माहीत आहे, सीसी शोधताना नेमका /यूएसआर/यूसीबी/सीसी हा पाथ मुद्दाम नाकारायचा असं त्यात लिहूनच ठेवलंय, म्हणून विचला दिसतो आणि कॉन्फिगरला नो.

आता /यूएसआर/एसएफडब्ल्यू/बिन मध्ये बघा, सोलारिस १० सोबत जीसीसी ३.४.३ येतो तो तिथे असतो, आणि ती डिरेक्टरी बऱ्याचदा $पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या डिरेक्टरींची यादी) नसतेच. मेक, एलडी (लिंकर), एआर ही बिल्डला लागणारी मंडळी /यूएसआर/सीसीएस/बिन मध्ये. दोन्ही पाथमध्ये घाला, यूसीबी असेल तर शेवटी ढकला, नाहीतर इतर कमांड्स पण बीएसडीसारख्या (युनिक्सचा दुसरा प्रकार) वागतात. शेल साधा एसएच असेल तर एक्स्पोर्ट आणि व्हॅल्यू एका ओळीत चालत नाही, आधी पाथ=... लिहा, मग पुढच्या ओळीत एक्स्पोर्ट पाथ.

धागाकर्ता:
खूप खूप आभार, जीसीसी तिथेच होता! आता चेकिंग फॉर जीसीसी पुढे जीसीसी येतंय, पण लगेच पुढची एरर, सी कम्पायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स. कॉन्फिग.लॉग उघडून बघितला, त्यात एलडी: फेटल: फाइल व्हॅल्यूज-एक्सए.ओ: ओपन फेल्ड असं आहे. ही फाइल कुठून आणू? दुसऱ्या मशीनवरून कॉपी केली तर चालेल का?

उत्तर:
लॉग बघितलात हे उत्तम केलंत, स्क्रीनवरच्या त्या एका ओळीवरून काहीच कळलं नसतं. कम्पायलर ठीक आहे, लिंकिंगला लागणाऱ्या फाइल्स नाहीत. कॉपी करत बसू नका, एक आणली की दुसरी मागेल. ती फाइल एसयूएनडब्ल्यूएआरसी या पॅकेजमध्ये येते, नाव सलग, पहिली चार अक्षरं (एसयूएनडब्ल्यू) कॅपिटल आणि बाकीची स्मॉल. हेडर फाइल्सचं पॅकेज एसयूएनडब्ल्यूएचईए, तेही तसंच लिहायचं, ते नसेल तर पुढे स्टडआयओ.एच सापडत नाही म्हणून परत अडकाल. पीकेजीइन्फोला ही नावं देऊन बघा, त्याला रूट लागत नाही. जे नसेल ते मात्र अ‍ॅडमिनलाच पीकेजीअ‍ॅडने टाकावं लागेल, सोलारिस १० च्या डीव्हीडीवर प्रॉडक्ट डिरेक्टरीत दोन्ही आहेत. नुसतं कम्पायलर टाका असं सांगू नका, पॅकेजची नावं लिहून द्या म्हणजे पटकन होईल.

बाकी कशाला रूट नको. कॉन्फिगरला --प्रीफिक्स मध्ये (टूल कुठे इन्स्टॉल करायचं ते) तुमची होम डिरेक्टरी द्या आणि मेकऐवजी जीमेक (म्हणजे जीएनयू मेक) वापरा, तो पण एसएफडब्ल्यूमध्येच आहे, कारण बरेच मेकफाइल जीएनयू मेक धरून लिहिलेले असतात. पॅकेज टाकून झालं की कॉन्फिगर पहिल्यापासून चालवा आणि परत अडलं तर कॉन्फिग.लॉगमधली एररच्या आसपासची ओळ इथे टाका.